कातडे, पिंजरा आणि करुणा

१

फरच्या कोटासाठी प्राणी पिंजऱ्यात पाळावेत की नाहीत, हा प्रश्न आपल्या चळवळीतल्या एखाद्या कार्यकर्त्यापुढे ठेवला तर तो बहुधा हसण्यावारी नेईल. ज्या समाजाच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या धड कापड नव्हते त्याने मिंकच्या कोटाची चिंता का वाहावी, असे तो विचारील. आणि त्याचे विचारणे अगदीच गैर म्हणता येणार नाही. शिवाय भूतदयेचा या देशातला इतिहास त्याला ठाऊक आहे. मुंग्यांना साखर घालणारे हात माणसाच्या ओंजळीत पाणी मात्र वरून ओतत होते, हे त्याच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी अनुभवलेले आहे. त्यामुळे प्राण्यांवरील दयेचा विषय निघाला की तो पोट भरलेल्यांचा, सोवळ्यातल्यांचा विषय म्हणून बाजूला सारण्याची सवय आपल्याला लागली आहे.

ही सवय एकदा तपासून पाहिली पाहिजे. कारण प्राण्याचे मरण आणि प्राण्याचे कातडे हा विषय या देशात कधीच केवळ प्राण्यांचा नव्हता. ढोर कोणी ओढायचे, कोणी सोलायचे, कातडे कोणी कमवायचे आणि अंगावर कोणी मिरवायचे, याची वाटणी जातिव्यवस्थेने करून ठेवली होती. म्हणजे कातड्याचा इतिहास हा आपलाच इतिहास आहे. तो बाजूला ठेवून प्राण्यांविषयीच्या नीतीची चर्चा करणारे चुकतात, आणि ती चर्चाच नको म्हणणारे आपणही चुकतो, असे माझे म्हणणे आहे.

२

फरचा धंदा कसा चालतो ते आधी पाहू. मिंक हा मुंगसासारख्या अंगाचा, पाण्याकाठी एकटा राहणारा, मांस खाणारा लहान प्राणी. मूळचा उत्तर अमेरिकेतला. त्याचे केस दाट आणि मऊ असतात म्हणून युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांत त्याच्या कातड्याला मोल आले. रानात सापळे लावून मिळणारी कातडी पुरेनाशी झाली तेव्हा त्याला तारेच्या पिंजऱ्यात पाळणे सुरू झाले. पिल्ले एप्रिल-मेच्या सुमारास जन्मतात आणि थंडीच्या तोंडाशी केस दाट झाले की नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांना वायूने गुदमरवून मारतात. सहा-सात महिन्यांचे हे आयुष्य. पोहण्यासाठी घडलेल्या या जिवाला पाणी मिळते ते पिण्यापुरते. कातड्याला भोक पडू नये, केसांना डाग लागू नये म्हणून मारताना फार काळजी घेतली जाते. पण ती काळजी कातड्याची असते.

डेन्मार्क हा २०२० पर्यंत या धंद्यातला जगातला एक आघाडीचा देश होता. २०२० साली तिथल्या मिंक फार्मांत कोरोनाचा विषाणू शिरला. माणसांकडून मिंककडे आणि मिंककडून पुन्हा माणसांकडे तो गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी देशातील सर्व मिंक मारून टाकण्याचे जाहीर केले. त्यांची संख्या दीड कोटीहून अधिक होती. देशाची लोकसंख्या तेव्हा साठ लाखांच्याही आत होती. निरोगी मिंकही मारण्याचा अधिकार सरकारला कायद्याने नव्हता, हे मागाहून उघड झाले आणि कृषिमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. मृत मिंक लष्कराच्या जमिनीत पुरले, तर कुजताना झालेल्या वायूने फुगून त्यातले काही पुन्हा वर आले. पुढच्या वर्षी ते उकरून काढून जाळावे लागले. फार्मवाल्यांना मात्र अब्जावधी क्रोनरची भरपाई मंजूर झाली.

इंग्लंड-वेल्समध्ये फरची शेती २००० सालच्या कायद्याने बंद झाली, आणि तो कायदा करताना 'सार्वजनिक नीती' हे कारण पुढे केले गेले. चैनीच्या कोटासाठी जीव पिंजऱ्यात वाढवून मारणे समाजाच्या नीतीला धरून नाही, असे त्या संसदेने म्हटले. ही मोठीच गोष्ट होय. पण त्याच देशात बाहेरून आणलेली फर विकण्यास त्या कायद्याने मनाई केली नाही. आपल्या दारात मारायचे नाही, दुसऱ्याच्या दारात मारलेले चालेल! आपल्याकडच्या वाचकाला हा न्याय ओळखीचा वाटेल. गावकुसाच्या आतल्या माणसांनी तो हजारो वर्षे चालवला आहे.

भारतात मिंकची शेती नाही, आणि मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या कातड्यांची आयात जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. तेव्हा हा प्रश्न आपल्यापुरता सुटला, असे कोणी म्हणेल. तसे म्हणता येत नाही. डेन्मार्कच्या बातम्या आल्या त्या वेळी आमच्या जिल्ह्यातल्या माणसांना त्यात नवे काही वाटले नसते. कारण तसाच पिंजरा, तसाच विषाणू आणि तसाच खड्डा नवापूरने त्याआधी चौदा वर्षे पाहिला होता.

३

नवापूर हा नंदुरबार जिल्ह्यातला आदिवासीबहुल तालुका. मावची, भिल्ल, कोकणा ही इथली मुख्य वस्ती. सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि सुरत-धुळे महामार्ग इथून जातात. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा निम्मा भाग महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत आहे. या सोयीमुळे इथे अंड्यांच्या पोल्ट्रीचा धंदा वाढला. एकेका शेडमध्ये हजारो कोंबड्या, पिंजऱ्यांच्या रांगांवर रांगा. अशा पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला आपण लिहितो त्या कागदाच्या आकाराहूनही कमी जागा येते. तिला पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, अंडे घालायला आडोसा मिळत नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये या शेडमधल्या कोंबड्या झपाट्याने मरू लागल्या. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत नमुने तपासले गेले आणि १८ फेब्रुवारीला बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. भारतातला हा पहिलाच उद्रेक. दुसऱ्या दिवसापासून कोंबड्या मारण्याचे काम सुरू झाले. नवापूरचे नाव एका रात्रीत जगभर गेले. ज्या तालुक्याच्या कुपोषणाची, स्थलांतराची, शाळागळतीची बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रांत कोपऱ्यात येई तिथे दूरचित्रवाणीच्या गाड्या उभ्या राहिल्या. पांढरा पोषाख, तोंडावर पट्टी, हातात मोजे घातलेली माणसे कोंबड्या मारत होती, खड्ड्यांत पुरत होती. लाखो पक्षी आणि लाखो अंडी नष्ट झाली. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात हेच घडले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा एकदा घडले.

कोंबड्या मारण्याचा नियम केवळ शेडपुरता नव्हता. उद्रेकाभोवतीच्या ठरावीक अंतरातला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा होता. म्हणजे आदिवासी झोपडीच्या अंगणातली गावठी कोंबडीही त्यात आली. ही कोंबडी आणि पिंजऱ्यातली कोंबडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंगणातली कोंबडी उकिरड्यावर चरते, झाडावर बसते, पिल्ले घेऊन हिंडते. ती घरातल्या बाईची पुंजी असते. औषधाला, शाळेच्या वहीला, लग्नकार्याला तीच उपयोगी पडते. वाघदेवाला दिली जाते तीही तीच. ती मारली जाते, हे खरेच. पण मरण्याआधी ती जगलेली असते. शेडमध्ये वाढलेल्या साथीला आळा घालण्यासाठी अंगणातला पक्षी गेला. भरपाई पक्ष्यांच्या संख्येवर होती. म्हणजे ज्याची शेड मोठी त्याची रक्कम मोठी. शेडमध्ये रोजाने शेण-विष्ठा उपसणाऱ्या, खाद्य घालणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीला त्या हिशेबात रकानाच नव्हता.

वर्गात मी हा इतिहास शिकवतो तेव्हा समोर बसलेली बरीच मुले त्या सालानंतर जन्मलेली असतात. त्यांच्या घरच्यांना मात्र सारे आठवते. डेन्मार्कच्या मिंकविषयी बोललो तर मुले ऐकून घेतात, नवापूरविषयी बोललो तर प्रश्न विचारतात. आणि त्यांचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो, की ते काम कोणी केले? इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावा असाच तो प्रश्न आहे. तो घेऊन आपण मागे जाऊ.

४

युरोपात फर ही श्रीमंतीची खूण होती. आपल्याकडे कातडे ही पावित्र्याची खूण होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याने कोणते कातडे पांघरावे ते वर्णानुसार सांगितले आहे: ब्राह्मणाच्या मुलाने काळविटाचे, क्षत्रियाच्या मुलाने रुरू हरणाचे, वैश्याच्या मुलाने बोकडाचे. मुंजीतले अजिन ते हेच. तपस्व्याच्या बैठकीला मृगाजिन, देवाच्या कमरेला व्याघ्राजिन. आणि त्याच मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे. तिथे कातडे कापणाऱ्याचे अन्न खाल्ल्याने कीर्ती नष्ट होते, असे म्हटले आहे. एकाच ग्रंथात कातडे अंगावर घेणारा पवित्र आणि कातडे कापणारा अपवित्र! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ का जाळला गेला, हे ज्यांना अजून कळत नाही त्यांनी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

हा न्याय ग्रंथातच राहिला नाही, तो गावगाड्यात उतरला. विहिरीवर मोट चालायची ती कातड्याची. त्या कातड्यातून आलेल्या पाण्यावर सगळ्या गावाचे मळे पिकत. पण ढोर ओढणारा महार, कातडे कमावणारा ढोर आणि मोट शिवणारा चांभार यांचा हात त्या विहिरीला लागायचा नाही. देवळातला पखवाज कातड्याचा, कीर्तनकाराच्या पायातला जोडा कातड्याचा, बैलाच्या मानेवरची वादी कातड्याची. वस्तू आत जात होती, ती घडवणारा बाहेर राहत होता. जनावराच्या मरणाचा उपयोग सर्वांना आणि त्याचा विटाळ मात्र मूठभरांना, अशी ही वाटणी होती. आणि कातड्यावर हक्क कोणाचा यावरून महार-मांगांत, महार-चांभारांत भांडणे लागत, तीही या वाटणीच्या पथ्यावरच पडत.

खानदेशात आणखी एक प्रकार घडला. १८२५ साली धरणगावला जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. सातपुड्यातल्या माणसाला वठणीवर आणणे आणि सातपुड्यातला वाघ मारणे ही दोन्ही कामे तो एकाच उत्साहाने करी. त्याच्या शिकारीच्या कथा इंग्रजांनी अभिमानाने लिहून ठेवल्या आहेत. हाकारे घालायला भिल्ल, नाव आणि कातडे साहेबाचे. वाघाला देव मानणाऱ्या माणसाच्या रानातला वाघ साहेबाच्या दिवाणखान्यात जमिनीवर अंथरला गेला. पुढे वाघ संपत आले, तेव्हा रानाचे शत्रू म्हणून बोट दाखवले गेले ते याच भिल्लाकडे.

५

आता दयेच्या संस्थांचा इतिहास पाहू. मुंबईत पांजरपोळ स्थापन झाली १८३४ साली. जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद या धनिकांनी म्हाताऱ्या, भाकड, टाकून दिलेल्या जनावरांसाठी ती उभारली. तिच्या आधी दोन वर्षे रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या हुकमावरून मुंबईत दंगाही झाला होता. जोतीरावांनी पुण्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढली ती १८५० नंतर, आणि तिच्यासाठी त्यांना दारोदार हिंडावे लागले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत १८७४ साली निघाली. महाडच्या चवदार तळ्यावर माणसाने पाणी प्यावे यासाठी १९२७ साल उजाडावे लागले. जनावरे तिथे आधीपासून पीत होती. ही सनावळी मी कोणाला हिणवण्यासाठी देत नाही. पांजरपोळात जगलेली गाय किंवा वाचलेले कुत्रे यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच, की दयेच्या वाटेत माणूस आडवा आला तेव्हा ती त्याला वळसा घालून का गेली?

जोतीरावांनी मात्र हा विषय वेगळ्या रीतीने हाताळला होता. 'शेतकऱ्याचा असूड' हा त्यांचा १८८३ चा ग्रंथ. गोऱ्या शिपायांच्या खाण्यासाठी गाई-बैल कापले जातात आणि शेतकऱ्याच्या दावणीला बैल उरत नाही, हे त्यांनी त्यात मांडले आणि सरकारने यावर उपाय करावा असे सुचवले. पुढे गोरक्षिणी सभा निघाल्या, १८९३ साली दंगे झाले. त्या वाटेने जोतीरावांचा विचार जात नाही. त्यांच्या लेखी बैल हा देव नव्हता, कुणब्याचा सोबती होता. बैलाचे दुःख आणि नांगरामागच्या माणसाचे दुःख त्यांनी एका हिशेबात घेतले. आपल्या परंपरेत प्राण्यांविषयीच्या विचाराचा आरंभ करायचा तर तो इथून केला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राणिक्रूरतेविरुद्ध विधेयक आणले आणि त्यातून पुढे १९६० चा कायदा झाला. त्या कायद्यात एक कलम असे आहे, की प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा होय. कलम १९६० चे आणि पिंजऱ्यांच्या रांगा त्यानंतरच्या! अंड्यांच्या कोंबड्यांचे हे पिंजरे बंद करावेत असा विचार विधी आयोगाने जुलै २०१७ च्या आपल्या अहवालात मांडला. शेड आहेत तशा आहेत. गाय म्हटले की जो कायदा पोलिसांसह धावून येतो तो कोंबडीच्या पिंजऱ्यापाशी येऊन का थांबतो, याचे उत्तर भूतदयेत सापडत नाही, ते धर्मकारणात आणि अर्थकारणात सापडते.

६

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्या पणजोबांपर्यंत ढोरे ओढण्याचे काम घरात होते. गोठ्यात बैल मेला की सांगावा यायचा आणि हातातला घास टाकून जावे लागायचे. पडीचे वाटे व्हायचे, चान्या करून वळचणीला वाळत घातल्या जायच्या. ती आठवण सांगताना आजी आवाज खाली आणत असे. एक गोष्ट मात्र ती आवाज न उतरवता सांगे, की बाबासाहेबांचा निरोप आला आणि तिच्या सासऱ्याने सुरी बोथट करून टाकून दिली.

१९२७ च्या महाड परिषदेत मेलेली ढोरे ओढू नका, पडीचे मांस खाऊ नका, हा आदेश निघाला. डिसेंबरात बाबासाहेब स्त्रियांपुढे बोलले तेव्हा हे मांस घरात येऊ देऊ नका असे त्यांनी बजावले. या नकारावर सोवळ्यांची प्रतिक्रिया फार बोलकी होती. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ती हकीकत सांगितली आहे. 'केसरी'त हिशेब छापून येत, की कातडे, शिंगे, हाडे, मांस यांतून महारांना वर्षाला इतके उत्पन्न होते आणि आंबेडकर त्यांना त्यावर पाणी सोडायला सांगतात. संगमनेरला एकाने चिठ्ठी पाठवून पाचशे रुपयांचे नुकसान का करता असे विचारले. बाबासाहेबांनी उत्तर दिले की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, वर मी पदरचे पाचशे देतो. फायदा घ्यायला कोणी पुढे आले नाही.

याच प्रश्नाला दुसरीकडूनही हात घातला गेला. गांधीवाद्यांनी मेलेल्या जनावराच्या कातड्याला 'अहिंसक' ठरवून चर्मालये काढली. वर्ध्याजवळ नालवाडीला असे काम चाले. कोकणात कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेब पटवर्धन या ब्राह्मण कार्यकर्त्याने मृत जनावरे सोलण्याचे काम स्वतः केले. आप्पासाहेबांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विटाळाची वाटणी मोडायची तर वरच्याने खालच्याचे काम करून दाखवले पाहिजे, हे त्यांना कळले होते. पण हे करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. बाकीच्यांनी धंद्याला प्रतिष्ठा देण्याची भाषा वापरली ती धंदा करणाऱ्यांनी तो सोडू नये म्हणून.

इथे आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. आपण सोडलेले काम पुढे कोणाच्या गळ्यात पडले? अनेक गावांत ते आपल्याहून दुबळ्यांकडे सरकले. शहरांत ते धारावीच्या कारखान्यांत गेले. नवापूरच्या शेडमध्ये ते आदिवासी मजुराकडे आले. आपला नकार माणुसकीचा होता आणि तो अभिमानाने सांगण्याजोगा आहे. परंतु नकारामुळे व्यवस्था मोडत नाही, ती दुसरे खांदे शोधते. म्हणून नकाराच्या पुढचा विचार करणे भाग आहे.

तो न केल्याचे परिणाम अलीकडे दिसले. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याला १९९५ साली केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने मार्च २०१५ मध्ये अमलात आली. गाईपाठोपाठ बैल आणि वळूही कापण्यास बंदी झाली आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठरली. म्हाताऱ्या बैलाला वैरण कोठून आणायची याचे उत्तर कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी दिले नाही. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २०१६ रोजी, शेजारच्या गुजरातेत उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावी मेलेली गाय सोलणाऱ्या दलितांना गोरक्षकांनी मारहाण केली आणि चौघांना गाडीला बांधून बाजारपेठेत झोडपले. ती गाय सिंहाने मारली होती, असे पोलीस तपासात निघाले. ज्या व्यवस्थेने हे काम गळ्यात बांधले तीच ते केल्याबद्दल चाबूक घेऊन उभी राहिली. उत्तरादाखल सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीपुढे आणून टाकली. महाडचा नकार नव्वद वर्षांनी गुजरातच्या रस्त्यावर आला. एप्रिल २०१८ मध्ये त्या कुटुंबाने धम्म स्वीकारला.

७

या सगळ्या इतिहासातून एक निष्कर्ष सोपा आहे आणि तो चुकीचा आहे. तो असा, की प्राण्यांवरची दया हे ढोंग आहे, तेव्हा प्राण्याच्या दुःखाशी आपल्याला कर्तव्य नाही. ढोंगी माणसाने सत्य उच्चारले म्हणून सत्य खोटे होत नाही. पिंजऱ्यातल्या मिंकला आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीला यातना होतात, त्या कोण सांगतो यावर अवलंबून नाहीत. आणि जगण्याची जागाच आखडून टाकणे म्हणजे काय, हे गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना दुसऱ्याने शिकवण्याची गरज नाही.

आपल्याला मोजमाप बाहेरून आणायचे कारण नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. बुद्धाने अहिंसेचा आंधळा नियम केला नाही, तत्त्व दिले. जिथे गरज नाही, केवळ इच्छा आहे, तिथली हिंसा त्याने निषिद्ध मानली. आणि दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात बुद्ध एका आदर्श यज्ञाची गोष्ट सांगतो. त्या यज्ञात गाई, बोकड, कोंबड्या मारल्या गेल्या नाहीत, झाडे तोडली गेली नाहीत; आणि तिथे राबणारे दास-नोकर काठीच्या धाकाने, रडत, आसवे गाळत कामाला जुंपले गेले नाहीत. प्राणी आणि मजूर दोघेही एकाच यादीत! पांजरपोळवाल्यांना जे सुचले नाही ते अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झाले होते.

हे मोजमाप लावून पाहू. मिंकचा कोट ही गरज नाही. थंडी घालवायला लोकर आहे, कापूस आहे. तिथे इच्छा आहे आणि तीही मिरवण्याची. म्हणून फरची शेती नीतीच्या कोणत्याही कसोटीवर टिकत नाही, असे आपण निःसंकोच म्हटले पाहिजे. आदिवासीच्या अंगणातली कोंबडी, किंवा ज्याला दुसरे स्वस्त प्रथिन परवडत नाही त्याच्या ताटातले मांस, ही गरज आहे. तिच्याकडे बोट दाखवणाऱ्याने आधी त्याच्या ताटात डाळ किती आहे ते पाहावे. शेडमधले अंडे या दोहोंच्या मध्ये येते. अंडे ही गरज आहे. कुपोषणाशी झगडणाऱ्या या जिल्ह्यात अंगणवाडीतल्या मुलाला अंडे मिळालेच पाहिजे, आणि त्यावर सोवळ्याची हरकत घेणाऱ्यांशी आपण भांडलेच पाहिजे. पण पिंजरा ही गरज नव्हे. तो अंड्यामागचे काही पैसे वाचवण्यासाठी आहे. ते पैसे कोंबडीच्या अंगातून, मजुराच्या मजुरीतून आणि साथ आली की सबंध तालुक्याच्या जिवातून वसूल होतात.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींपुरते आहे. पहिली, १९६० च्या कायद्यातले पिंजऱ्याचे कलम शेडला लागू व्हावे आणि तसे करताना लहान पोल्ट्रीवाल्याला मुदत व मदत मिळावी. नाहीतर मोठे टिकतील आणि कर्ज काढून शेड घातलेला आपलाच तरुण बुडेल. दुसरी, साथीत पक्षी मारले जातात तेव्हा भरपाईच्या हिशेबात शेडमधल्या मजुराच्या रोजाचा रकाना असावा आणि हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या औषधपाण्याची जबाबदारी सरकारवर असावी. तिसरी, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट हे ग्रामपंचायतीचे आणि नगरपालिकेचे यंत्रांनिशी करायचे काम व्हावे. ते कोणत्याही जातीचे काम राहू नये.

प्राण्यांच्या हक्कांविषयी बोलणारे तरुण आज शहरांतून पुढे येत आहेत. त्यांतले पुष्कळ मनापासून बोलतात. त्यांच्याशी वाद घालावा, त्यांना टाळू नये. मात्र त्यांना आपण आपला इतिहास सांगितला पाहिजे आणि नवापूरच्या मुलांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला पाहिजे: ते काम कोणी केले? ज्या करुणेला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही ती अपुरी आहे. आणि हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला टिकवायचा असेल तर पिंजऱ्यातल्या जिवाचे दुःखही आपल्या हिशेबात धरावे लागेल. आपल्या अभ्यासमंडळांतून या विषयावर चर्चा व्हावी, मतभेद पुढे यावेत, एवढ्यासाठीच हा लेख लिहिला आहे.